आधी खिडकी

गावात पाईपचा गॅस येणार म्हणून रस्त्याच्या कडेला पिवळ्या नळ्यांची भेंडोळी येऊन पडलीत. परवा दोन पोरं घर बघायला आली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. सैपाकघर कुठं, भिंत किती जाड, शेगडी कुठं ठेवणार, असं विचारत सुनेच्या मागं मागं फिरली. मी चिंचेखाली बाजेवर बसून बघत होतो. जाताना त्यातल्या एकाला हाक मारली.

"का रं, तुमच्या गॅसचे नियम किती?"

"पुष्कळ आहेत, काका."

"त्यातला पयला कोणता?"

तो घुटमळला. म्हणाला, "काका, सगळेच महत्त्वाचे."

मला हसू फुटलं. पन्नास वर्षांमागं माझ्या बापानं हाच प्रश्न एका सायबाला विचारला होता आणि त्या सायबानं हेच उत्तर दिलं होतं. हे हिला सांगावं म्हणून मी घराकडं तोंड वळवलं, हाकही ओठावर आली. मग ध्यानात आलं. ती आषाढात गेली. माझं तोंड अजून तिकडंच वळतं. सांगायचं राहिलं ते पोटात घेऊन बसवत नाही, म्हणून लिहून काढतो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली तिसरी दोनदा. शुद्ध मला जमत नाही. जसं बोलतो तसं लिहिणार.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. आमची वस्ती संगमनेरच्या अलीकडं, नदीच्या अंगाला. घर धाब्याचं, वर मातीचं माळवद. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. हिचं माहेर शेवगावकडचं, कोरडवाहू मुलुख. तिची आई चुलीपुढं बसून बसून डोळ्यांनी गेली होती. लग्नात त्या बाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवून तिला नवरी झालेली बघितलं. मी शेजारी मुंडावळ्या बांधून उभा होतो. बघितलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

ही आमच्याकडं आली, तर आमची चूलही तसलीच. ओली बाभळ नाहीतर उसाचं पाचट. हिचे डोळे दिवसभर लाल. एकदा गोठ्यात मला गाठून म्हणाली, "माझ्या आईचं जे झालं ते माझं बी हुनार. कवा, तेवढंच ठरायचं हाय."

मी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "बघू."

बघायचं काम माझ्या थोरल्या भावानं केलं. तो साखर कारखान्यात कामाला होता, तिथल्याच चाळीत राहायचा, सुट्टीला घरी यायचा. तालुक्यात गोबर गॅसची योजना आल्याचं त्यानं आणून सांगितलं. आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, एकच गोष्ट पटली: शेण जाळायचं नाही, त्यातला गॅस घ्यायचा आणि खत पुन्हा आपलं आपल्याला. गोठ्यामागं विहिरीसारखा खड्डा विटांनी बांधला. त्यात शेणपाण्याचा काला सोडायचा, वर लोखंडी ड्रम उपडा. आत गॅस धरला की ड्रम आपोआप वर यायचा. तिथून लोखंडी पाईप गोठ्याच्या भिंतीला धरून थेट सैपाकघरात, शेगडीपर्यंत.

पहिल्या दिवशी निळा जाळ लागला, तर ही भाकरी थापायची सोडून त्याच्याकडं बघत बसली. आई म्हणाली, "अगं, भाकरी करतीस का दर्शन घेतीस?" आणि ही म्हणणारी बाई सकाळीच त्या ड्रमला हळदीकुंकू वाहून नारळ फोडून आलेली!

त्या दिवशी जेवताना मी हिच्या तोंडाकडं बघितलं. डोळे पांढरे स्वच्छ. माझ्या बायकोच्या डोळ्यात पांढरा भाग एवढा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आता गॅस म्हटलं की भीती आली. पण आमची सगळी भीती त्या ड्रमवर. काळा, मोठा, कधी वर कधी खाली. आबा म्हणायचे, "ह्यो फुटला तर नदीपल्याड भांडी पडतील." त्यांनी ड्रमभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. भावानं कारखान्यात बघितलेली पाटी करून आणली. वर धोका असं लिहिलं आणि खाली मुंडकं काढलं. ते मुंडकं इतकं दुधी भोपळ्यासारखं दिसायचं की आईनं पुढच्या खेपेला त्यालाही कुंकू लावलं. बिडी ओढणाऱ्याला आबा दुरूनच दगड दाखवायचे.

पाईपाला मात्र कोणी भ्यालं नाही. पाईप गरीब दिसायचा. गोठ्याच्या कोपऱ्यात तो जमिनीतून उभा वर यायचा आणि भिंतीतून आत जायचा. आबांनी तो हलवून बघितला. "असला भक्कम खुंटा उभ्या जन्मात मिळाला न्हवता," म्हणाले, आणि म्हशीचं पारडू त्याला बांधायला लागले. पारडू वांड. आईकडं जायला ओढ ओढ ओढायचं. आम्ही सगळे ते रोज बघत होतो. कुंपणाच्या काट्यात एक फट पडली तर घर गोळा व्हायचं, आणि पाईपाला जनावर हिसके देतंय याचं कोणाला काही नाही.

आणखी एक होतं. सैपाकघराला खिडकी होती, पण ती उघडायची घरापुढच्या ओट्यावर, आणि ओट्यावर आबांची बाज. तिथं गावातली चार माणसं येऊन बसायची. सून आली तेव्हा आईनं त्या खिडकीला फळी ठोकून घेतली होती. सुनेचं तोंड परक्या बाप्यांना दिसू नये म्हणून. तोवर वर माळवदाला धुराडं होतं, त्यातून धूर जायचा. गॅस आल्यावर आई म्हणाली, आता धूरच नाही तर भोक कशाला, नुसती माती पडती अन्नात. धुराड्यावर फरशी बसली. झालं. सैपाकघर पेटीसारखं बंद.

एके दिवशी सकाळी ही आत गेली आणि पाठोपाठ आई. आईनं नाक उडवलं.

"कुनी आनली अंडी?"

आई माळकरी. घरात अंडं म्हणजे तिच्या लेखी मसणवट. आणि संगमनेरच्या बाजारात मी काय खातो याचा तिला वहीम होताच.

"मी न्हाई आनली," ही म्हणाली.

"तू कशाला आनशील? नवऱ्यानं आनून दिली आसतील! नासक्या अंड्याचा वास हाय ह्यो. कुटं दडवली ती काढ आधी!"

ही काड्यांची पेटी हातात घेऊन उभी, आणि आई मडकी उतरवतीय, फडताळ उचकतीय. मला हाक गेली. "बाटग्या, इकडं ये!" मी दारात आलो. अंडी शोधायच्या नादात आईनं मागचं दार सताड उघडलं होतं. बराच वेळ शोधाशोध झाली. सापडलं काय, तर भावानं मागं आणलेली तपकिरीची डबी. आई दमली. "आता च्या तरी कर," म्हणाली.

हिनं काडी ओढली.

फक्क! एवढाच आवाज. भिंतीपाशी, जिथं पाईप आत यायचा त्या सांध्याला, निळा जाळ पळाला आणि तिथंच जळत राहिला. हिच्या कपाळावरचे केस आणि पदराचा काठ भाजला. हिनं पदर हातानंच विझवला. मी बाहेर पळालो आणि ड्रमकडचा कॉक बंद केला. परत आलो तर आई खाली बसलेली, हिला पोटाशी धरून, आणि म्हणत होती, "अंडी न्हवती गं, माझे बाई, अंडी न्हवती."

अंड्यांचं भांडण झालं नसतं, मागचं दार उघडलं नसतं, तर त्या कोंडलेल्या खोलीत काय झालं असतं ते मी आजही पुरतं मनात आणत नाही. आई पुढं मरेपर्यंत सांगायची, "माझ्या माळंनं वाचवलं." आम्ही कोणी तिला खोडलं नाही.

आबांनी निकाल दिला. "बंद. चूल पेटवा. योजनेचा सायब आला की त्याचा ड्रम त्याला न्यायला सांगू."

परत बाभळ. परत पाचट. ही दोन वेळा चुलीपुढं बसायची, फुंकायची, डोळे पुसायची. एकदा आबा जेवायला बसले. भाकरीला धुराचा वास. त्यांनी वर बघितलं.

"का गं, रडतीस का?"

"न्हाई, मामंजी. तुमचा नियम डोळ्यात गेलाय."

सासऱ्याला असं बोलणारी सून आमच्या वस्तीनं बघितली नव्हती. माझा घास तोंडातच. आई दारात थबकली. आबांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, आणि सगळी खाईपर्यंत मान वर केली नाही. मला वाटलं, आता माहेरी धाडतात हिला. पण हात धुताना म्हणाले, "सायबाला सांगावा धाड. म्हनावं लवकर ये."

सायब आला सायकलीवर. तरणा, चष्मेवाला, भला माणूस. तालुक्यातले सगळे ड्रम त्याच्या एकट्याच्या गळ्यात. त्यानं सांधा बघितला, पारडू बघितलं, फळी ठोकलेली खिडकी बघितली, आणि डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. भाऊही सुट्टीवर आलेला. आई उंबऱ्यात. ही माजघराच्या दाराआड.

सायब नियम सांगायला लागला. हे करू नका, ते करू नका, इथं पाणी साठू देऊ नका, तिथं रबरी नळी तपासा. आबांनी हात वर केला.

"सायब, यातलं पयलं कोनतं?"

"आबा, सगळेच महत्त्वाचे."

"सगळं पयलं कसं आसंल? पंगतीत बी आधी मीठ वाढत्यात. तुमचं मीठ कोनतं ते सांगा."

सायब हसला. म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

आबा म्हणाले, "ड्रम. दुसरं कुंपन घालू. आन् दिवसभर मानूस बसवू."

भाऊ म्हणाला, "आधी मोठी पाटी. आमच्या कारखान्यात..."

"तुझं भोपळं ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. "ड्रम उघड्यावर हाय. त्यातनं गेलं ते वाऱ्यावर जाईल. कोंडल्यात मी हाय."

पारडू तेवढं ओरडलं.

सायब हळूच म्हणाला, "आबा, ताई म्हणतात ते खरं आहे. मलाही पाळी लावावीच लागते. एवढी गावं आणि मी एकटा. जिथं गॅस कोंडतो त्या घरी मी आधी जातो, उघड्यावरच्याकडं मागनं. बसवताना मी खिडकी उघडा म्हणालो होतो, तेव्हा आजींनी मला ताक देऊन गप्प केलं."

"मग ताक प्यालास कशाला?" आई म्हणाली.

"चांगलं होतं."

आईला जरा बरं वाटलं, पण ती हटली नाही. "धुराडं उघडते. खिडकी न्हाई. ओट्यावर चार बापे बसत्यात, त्यांच्यापुढं सुनेला काय दुकानात मांडू?"

सायबानं समजावलं की पावसात धुराड्यावर फरशी ठेवावीच लागणार, आणि हवा एकीकडून आत आली तरच दुसरीकडून बाहेर जाते. आई ऐकेना. मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. आईकडून बोलावं तर बायको जाते, बायकोकडून बोलावं तर आई. मी पारड्याचं दावं सोडून दुसरीकडं बांधलं. तेवढंच हातून झालं.

आबा किती वेळ खिडकीवरच्या फळीकडं बघत होते. मग उठले. बाजेची एक बाजू स्वतः धरली आणि भावाला म्हणाले, "धर तिकडनं."

"कुटं न्यायची?"

"चिंचंखाली."

"आवो, पन तुमी तर जल्मापासनं हितं बसताय," आई म्हणाली.

"आता तिथं बसंल. ओट्यावर आजपासनं कुनी बाप्या बसनार न्हाई. सायब, लिव्हा पयला नियम."

बाज चिंचेखाली गेली. मी पहार घातली, फळी निघाली. खिळे गंजलेले, करकरत आले. उजेड पडला तसे सैपाकघरातली सगळी कोळिष्टकं दिसली, आणि आईला लाज वाटून ती तिथल्या तिथं केरसुणी घेऊन आत गेली. ती हरली असं कोणाला म्हणता येऊ नये म्हणून म्हणाली, "उजेडच न्हवता, मी काय करनार?"

गावातली माणसं आली की विचारायची, "आबा, बाज हिकडं कशी?" आबा गंभीर तोंड करून सांगायचे, "गॅसचा नियम हाय." एकानं विचारलं, गॅसचा आणि बाजेचा काय संबंध? आबा म्हणाले, "तुला न्हाई कळायचं. तुझ्याकडं अजून चूल हाय."

सांधा नवा बसला. पारड्याला पाईप बंद झाला, तरी सोडलं की ते सवयीनं पाईपापाशीच जाऊन उभं राहायचं. मग पाईपाभोवती आबांनी ड्रमच्या कुंपणातले निम्मे काटे आणून लावले.

सायबानं आणखी एक काम लावून दिलं. दर बाजाराच्या दिवशी कपड्याच्या साबणाचा फेस करायचा आणि पाईपाच्या प्रत्येक सांध्याला लावून बघायचा. बुडबुडा आला तर तिथून गॅस जातोय. हे काम आम्हा दोघांवर आलं. ती फेस लावणार, मी बादली धरणार. आता हे आजच्या पोरांना सांगून समजायचं नाही. आमच्या वेळी थोरांच्या देखत नवराबायकोनं दिवसा एकमेकांशी बोलायची चाल नव्हती. काय पाहिजे ते भिंतीकडं बघून मागायचं. पण गॅसचं काम म्हटल्यावर कोण काय बोलणार? ड्रमपासून सैपाकघरापर्यंत आम्ही दोघं शेजारी शेजारी, सांध्या सांध्याला थांबत. ती म्हणायची, पाईपाला आंघोळ घालू या. मी म्हणायचो, मलाही कधी एवढ्या मायेनं घाल. ती फेसाचा हात माझ्या नाकाला लावायची आणि नीट वाकून बघायची. "बुडबुडा न्हाई. गळत न्हाई तुमी."

तिचं माहेर, तिच्या आईचे डोळे, लहानपणी विहिरीत पडलेली तिची शेळी, मला पेरू आवडत नाही हे तिला कसं कळलं, हे सगळं त्या पाईपाच्या कडेनं बोललो. आई हाक मारायची, "फेस लावायला एवढा येळ लागतो व्हय?"

"आत्याबाई, सायब म्हनालेत, घाई करायची न्हाई!"

मला वाटतं आईला कळत होतं. कारण साबण संपला की ती न मागता आणून द्यायची.

दुष्काळात जनावरं छावणीला गेली. शेण नाही, गॅस नाही, ड्रम खाली बसला. परत चूल आली, पण खिडकी उघडीच राहिली, धूर निम्मा तिथून जायचा. पाऊस झाला, जनावरं आली, ड्रम उठला. पुढं कितीतरी वर्षांनी सिलेंडर आला आणि ड्रम भंगारात गेला. हिचे डोळे शेवटपर्यंत टिकले. माझ्या सुईत दोरा तीच ओवायची. आणि घरात कोणीही शेगडीपाशी गेलं की मागून हिचा आवाज यायचाच: "आधी खिडकी." पोरांना, सुनेला, पाहुण्यांना, एकदा लग्नाच्या आचाऱ्यालाही. थंडी असो, पाऊस असो. मी चिडायचो. म्हणायचो, म्हातारे, आता पुरे, सिलेंडर आहे, वारा येतोय. ती म्हणायची, "वाराच आला पायजे."

आषाढात ती गेली. आजार मोठा नव्हता, दोन-तीन दिवस अंगावर काढला आणि संपलं. सुतकात घरची शेगडी बंद. भावकीतून पिठलं-भाकरी यायची. ती खाल्ली का नाही, मला आठवत नाही. पावसाची झड आत येते म्हणून कोणीतरी खिडकी लावून घेतली होती. मी ते बघितलं.

शेगडी पुन्हा पेटवायची त्या सकाळी मी चिंचेखाली बसलो होतो, आबांच्या जागी. बाज आता माझी आहे. सून आत गेली. माझे कान तिकडं लागले होते. मनात म्हटलं, सांगावं का? पण ते वाक्य माझं नाही. माझ्या तोंडून निघंना.

आतून काडीचा आवाज आला नाही. खडखड आली, मग थाप, मग सुनेची मला हाक.

"दादा, जरा या की. पावसानं फुगलीय, खिडकी निघंना."

मी ओट्यावर चढलो. आबांनी बाज हलवल्यापासून त्या ओट्यावर घरातला बाप्या बसलेला नाही, आजही नाही. का, ते पोरांना माहीत नाही, तरी बसत नाहीत. मी बाहेरून ओढलं, तिनं आतून रेटलं. खिडकी उघडली. तिनं पदरानं डोळे पुसले. धूर नव्हता.

मग तिनं काडी ओढली आणि मला विचारलं, "च्या गोड करू का बेताचा?"

"गोड कर," मी म्हणालो.